जेवढं घटलं तेवढं

झाडांवर प्रयोग चालायचे त्या काचघरात कुंड्यांची वजनं करायला एक बाई होत्या. त्यांना सगळे काटेमावशी म्हणायचे, कारण त्यांच्या वजनकाट्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

काम असं. प्रत्येक कुंडीचं तोंड प्लास्टिकने झाकून खोडाशी दोऱ्याने बांधलेलं, म्हणजे माती उघड्यावर वाळायची सोयच नाही. कुंडी हलकी झाली तर ते पाणी पानांनीच सोडलेलं. सकाळी देवाचं नाव घ्यायचं, कुंडी काट्यावर ठेवायची आणि कालच्यापेक्षा जेवढं घटलं तेवढं पाणी नळीने आत सोडायचं. ही ओली रांग. शेजारच्या कोरड्या रांगेला घटलेल्याच्या निम्मंच. दोन्ही रांगांत भरपूर पावसाच्या मुलखातली रुंद पानांची झाडं होती आणि कोरड्या मुलखातली जाड, आखूड पानांची. रुंद पानवाली उधळी. दिवसभर पाणी उडवायची आणि सकाळी पुन्हा पोटभर प्यायची. जाड पानवाली घटायचीच जेमतेम, म्हणून त्यांना मिळायचंही जेमतेम.

मावशींना त्यांचंच कौतुक. ‘आमच्या घराण्यातली दिसतात,’ म्हणायच्या.

घरी मावशींचंही असंच कौतुक होतं. ताईला काही लागत नाही, ताईचं कशातही भागतं. आईच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं तेव्हाही ताईने हूं की चूं केलं नाही. आई गेल्यावर मागची खोली त्यांच्याकडे आली. एक खिडकी, एक खाट, भिंतीवर देवाची तसबीर. माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती. आता भाच्याचं लग्न ठरलं होतं.

‘वन्सं,’ भावजय भांडी पुसता पुसता म्हणाली, ‘नव्या जोडप्याला मागची खोली बरी, नाही का? तुम्हाला काय, बैठकीतला दिवाणही पुरतो.’

‘आत्याला तर उभ्या उभ्याही झोप लागेल,’ भाचा म्हणाला. सगळे हसले. मावशीही हसल्या.

‘उद्या सांगते,’ म्हणाल्या. भावाने मान वर केली. ताईचं ‘उद्या’ त्याने कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काचघरात पहिल्या तुकडीची झाडं कापून, वाळवून, तोलून झाली होती. संशोधन करणाऱ्या बाई खुशीत होत्या.

‘गंमत बघा मावशी. ओल्या रांगेत तुमची जाड पानवाली हुशार ठरली. थोड्या पाण्यात जास्त वाढ. पण कोरड्या रांगेत ती रुंद पानवालीही त्यांच्या बरोबरीला आली. पाणी तोडलं की सगळ्यांनाच काटकसर येते.’

‘मग उधळेपणा हा त्यांचा स्वभाव नव्हता?’

‘मिळत होतं म्हणून उधळत होती.’

‘आणि ही जाड पानवाली? यांना भरपूर दिलं तर?’

‘यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालंच नाही. आता दिलं तरी फारसं घेता येत नाही त्यांना.’

मावशींनी नळी गुंडाळून खिळ्याला लावली. घरी जाताना वाटभर त्या एकच वाक्य मनाशी घोळवत राहिल्या.

घरी पोचल्या तर त्यांची ट्रंक दिवाणाखाली सरकवलेली होती. भावजयीने तसबीर जपून, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

‘मला खोली हवी,’ मावशी म्हणाल्या.

‘ताई, बरं वाटत नाहीये का?’ भावाने विचारलं.

‘बरं आहे. खोली हवी.’

‘अगं, मग आधी बोलायचंस. तू कधी काही मागितलंच नाहीस.’

‘जेवढं घटलं तेवढंच भरलंत तुम्ही.’

‘काय घटलं?’

‘दमल्यात त्या,’ भावजय हळूच म्हणाली, ‘पडू दे त्यांना जरा.’ मागच्या खोलीत भाच्याने रंगाचा डबा उघडला होता. वास बैठकीपर्यंत आला.

दिवाण बेताचा होता. पाय पोटाशी घेतले, तसा पुरला.

सकाळी तसबीर फडक्यातच राहिली; ती लावायला भिंत नव्हती. मावशी देवाचं नाव न घेताच कामाला लागल्या. कोरड्या रांगेतल्या एका जाड पानवालीपाशी त्यांचा हात थांबला. कुंडी पुरी भरली असती तरी कुणाला कळलं नसतं. झाडाने तर काही मागितलं नव्हतंच.

मावशींनी काट्यावरचा आकडा पाहिला, घटलेल्याच्या निम्मं पाणी मोजून सोडलं आणि पुढची कुंडी उचलली.