कादंबरीतला माझा बाप

अकोल्यात, जठारपेठेतल्या सभागृहात लेखिकाबाई माइकवर वाचत होत्या. त्यांच्या नव्या कादंबरीत शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरणाऱ्या पोरी होत्या. त्यातली एक तेल्हाऱ्याची. गादीवाल्याची मुलगी. स्पर्धेला जाऊ नये म्हणून बाप तिला पट्ट्यानं मारतो, खोलीत कोंडतो. पुण्याची नायिका येऊन तिला सोडवते. मग पाण्यात ती भीतीनं थिजते. नायिका तिच्या हातातलं सुकाणू घेते आणि शर्यत जिंकते.

तेल्हाऱ्याची ती मुलगी मी. गादीवाला माझा बाप. माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता, इस्त्रीचा कुर्ता घालून.

अब्बांनी हळूच विचारलं, "ये मेरे बारे में लिखा है क्या?"

पुढच्या रांगेतल्या दोघी वळून त्यांच्याकडे पाहत होत्या. अब्बांनी आपले हात मांडीखाली दाबून धरले.

बाई आमच्या सरावाच्या धरणावर चार दिवस राहिल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. कापसाचा भाव पडला, गावात लग्नं लांबली, नवी गादी कोणी भरेना. तेव्हाही अब्बा मला सरावासाठी अमरावतीच्या एस्टीत बसवून द्यायचे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी शीड फाटलं, ते त्यांनीच गादीच्या सुईनं शिवलं. शर्यतीत माझी पुण्याची जोडीदार शीड सांभाळत होती. सुकाणू शेवटपर्यंत माझ्या हातात. तिसऱ्या आलो आम्ही. बाई वहीत उतरवून घेत होत्या. मला वाटलं, आपलं ऐकणारं कोणीतरी भेटलं.

वाचन संपलं. टाळ्या झाल्या. बाईंनी मला मंचावर बोलावलं. "हीच ती माझी धाडसी मुलगी. बोल ना, तुझ्या त्या गोड वऱ्हाडीत."

मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसले.

मी जागेवरच उभी राहिले. "माह्या बापानं मले कधी हात नाही लावला. तुमाले सांगतलं होतं मी. मंग काहून असं लिवलं?"

बाई समजुतीनं म्हणाल्या, "अगं, कादंबरी आहे ती. बाप चांगला असेल, तर नायिकेनं करायचं काय?"

माझी जोडीदार दुसऱ्या रांगेत होती. तिनं मान वर केली नाही. एवढं भरलेलं सभागृह, पण माझ्या बाजूनं एक शब्द नाही. मी अब्बांचा हात धरला आणि बाहेर पडले. दारातल्या लोकांना अब्बा माफी मागितल्यासारखं वाकून सलाम करत होते. ते मला पाहवलं नाही.

एस्टीत ते एवढंच म्हणाले, "बेटा, लोग तो किताब की ही मानेंगे." नंतर ते माझ्या एकाही स्पर्धेला आले नाहीत. कादंबरीला बक्षिसं मिळत गेली.

आता मी लिहून राहिली. जसं घडलं तसं. छापो कोणी, न छापो. आणि माझ्या बापाला माझ्यासमोर पुन्हा कोणी असं वाचून दाखवलं, तर मी पहिल्याच ओळीला उठीन. टाळ्यांपर्यंत थांबणार नाही.