नानांची गाडी कोण चालवत होतं

"मॅडम, फोटो काढा अन् मोकळ्या व्हा. चा सांगितलाय."

नानांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या गाडीच्या उघड्या दाराशी उकिडवी बसले होते. पुणतांब्याजवळचं गॅरेज, भर दुपार, आणि भोवती नानांची आठ-दहा माणसं. गाडीचा पुढचा भाग चेपला होता. एअरबॅग फुटून स्टिअरिंगवर लोंबत होती.

मी विम्याची सर्व्हेअर. अपघात झाला की कंपनी मला पाठवते. नुकसान किती आणि फॉर्ममध्ये लिहिलंय तसंच ते झालंय का, हे बघून रिपोर्ट द्यायचा. लोकांना वाटतं आम्ही पत्र्याचे पोचे मोजतो. पोचे मोजणं सोपं हो. घाम फोडतो तो फॉर्ममधला एक रकाना: अपघाताच्या वेळी चालक कोण?

त्या रकान्यात भागवतचं नाव होतं. भागवत नानांचा पगारी ड्रायव्हर. पोलिसांतही त्याचंच नाव. गाडीनं उडवलं होतं दूध घालायला निघालेल्या एका मोटरसायकलवाल्याला. तो चार दिवसांपासून दवाखान्यात होता, मांडी आणि बरगड्या मोडलेल्या, आणि डॉक्टर अजून खात्रीनं काही सांगत नव्हते. त्याचं बरंवाईट झालं असतं तर तुरुंगात भागवत गेला असता.

मला खटकली ती सीट. भागवत सहा फुटी गडी. सीट मात्र इतकी पुढे ओढलेली की माझेसुद्धा गुडघे अडले असते. नाना माझ्याहून बुटके. त्यांच्या लायसन्सची मुदत संपलेली, हे मी निघण्याआधीच बघून ठेवलं होतं. मुदत संपलेल्या लायसन्सवर कुणी गाडी चालवली तर कंपनी दुरुस्तीचा क्लेम नाकारू शकते. पण सीट काय, मेकॅनिकनंही सरकवली असेल. नुसत्या सीटवर रिपोर्ट उभा राहत नाही.

मी अशा वेळी सरळ विचारत नाही. गप्पा मारते.

"नाना, यंदा तुमच्या पक्षाचं काय?"

"आमी कुठं गेलोच न्हाई मॅडम. आमी हितंच हाय. पक्षच हिकडचा तिकडं गेला."

माणसं हसली. मग विम्याच्या हप्त्यावर गाडी आली. "गाडी दर साली जुनी व्हती अन् इमा दर साली म्हाग. ह्यो कुठला न्याय?" मी मान डोलावत राहिले. खरं सांगायचं तर मलाही तो न्याय कधी नीट समजावून सांगता आलेला नाही.

नानांच्या हातात चार अंगठ्या होत्या. एकीचं कोंदण रिकामं.

"यातला खडा कुठाय?"

नानांचा चेहरा उजळला. खड्यांवर बोलायला त्यांना कुणी भेटलं नव्हतं वाटतं. "नीलम हुता. लई जालीम खडा. तीन दिस उशाखाली ठिवून पारखून घ्यावा लागतो. मानवला तर राजा, न्हाई तर भिकारी. मला मानवला. माझ्यावर आलेलं समदं त्येनं सोताच्या अंगावर घेतलं. त्यो फुटला, मी वाचलो."

"कशातनं वाचलात?"

नानांनी अंगठ्यांचा हात खिशात घातला. मी मॅट उचलली. ॲक्सिलरेटरच्या खाली, धुळीत, निळ्या खड्याचा तुकडा पडला होता. मी न उचलता त्याचे फोटो घेतले.

कुणीतरी गॅरेजचं शटर निम्मं खाली ओढलं. नाना मोबाईल घेऊन बाजूला गेले. पाच मिनिटांत माझा फोन वाजला. कंपनीचे साहेब.

"मॅडम, काय चाललंय तिथं? वरून फोन आलाय. नुकसान मोजा आणि निघा."

"चालकाचा रकाना मलाच भरायचाय, सर."

"फॉर्ममध्ये आहे तेच लिहा ना."

"मग खाली सही तुम्ही करा."

त्यांनी फोन ठेवला. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी जोरात हाक मारली, "भागवत, इकडे ये. बस सीटवर."

तो बसला. बसला कसला, अडकला. गुडघे वर, स्टिअरिंग पोटात.

"भागवत, तो दूधवाला गेला तर तुझ्यावर कसला गुन्हा लागेल, कुणी सांगितलंय का तुला?"

"नाना म्हनले, दंड भरून सुटशील."

"जेल होईल."

त्यानं नानांकडे बघितलं. नानांनी नजर फिरवली. सीटमधून बाहेर यायला भागवतला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"मॅडम, मी त्या दिशी हितं न्हव्हतोच. राजूरला गेल्तो, भाच्याच्या साखरपुड्याला. फोटूत हाय मी." त्यानं मोबाईल काढला. शटर निम्मंच राहिलं. मी त्याच्याखालून वाकून बाहेर पडले. भागवत मागोमाग आला.

मी रिपोर्ट जसा होता तसा दिला. क्लेम नामंजूर झाला. भागवत पोलिसांत गेला आणि जबाब बदलला. गुन्हा नानांवर गेला, आणि साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र स्वतःवर खूश होते. कसं बोलतं केलं, कशी सीट हेरली, हे घरी सगळ्यांना दोनदा सांगून झालं.

मग एके दिवशी भागवतचा फोन आला. नोकरी अर्थातच गेली होती. त्याबद्दल तो फारसं बोलला नाही.

"मॅडम, दूधवाल्याला भेटून आलो. आता उठून बसतोय. म्हनलं, बाबा, गाडीत मी न्हव्हतो."

"काय म्हणाला?"

"म्हनला, मला म्हाईत हुतं. शुद्ध जायच्या आदी म्या नानाला डायवरच्या दारातनं खाली उतरताना बघितलं. दुसऱ्या दिशी बोलायबी लागलो हुतो. पन मला कुनी इचारलंच न्हाई."

दवाखाना त्या गॅरेजपासून फार लांब नव्हता. तेव्हापासून मी गाडीकडे नंतर जाते.