कोपऱ्यातला पत्ता

गोंदिया जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल, तर तो पुढाऱ्यांना नाही, आमच्या कुडव्याच्या केशोराव पेंटरला. नव्याण्णव सालच्या मे महिन्यात आम्ही भंडाऱ्यातून वेगळे झालो आणि दुकानं, शाळा, दवाखाने, सोसायट्या, जिथे जिथे पाटीवर 'जि. भंडारा' होतं तिथे तिथे ते पुसून 'जि. गोंदिया' लिहायची एकच झुंबड उडाली. भंडारा तीन अक्षरं, गोंदियाही तीन अक्षरं. जागा तेवढीच, रंग तेवढाच. सरकारने पेंटरला विचारूनच जिल्हा काढला की काय, असं वाटावं!

केशोरावांची शिडी एकच, आणि पाट्या गावोगाव. म्हणून त्यांनी पुतणीला हाताशी घेतलं. ही पुतणी म्हणजे संजू, माझी शाळेपासूनची मैत्रीण. शाळेच्या दाखल्यावर संजीवनी, पण त्या नावाने तिला हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. वडील पुरनलाल शेती करायचे, आई शामकला घर सांभाळायची, आणि ही पोरगी वहीच्या मागच्या पानांवर अक्षरं घोटत बसायची. फुलं नाही, मोर नाही, अक्षरं! 'क्ष'चं पोट किती फुगवायचं यावर ती माझ्याशी भांडायची. मला काय कळतंय? मी पुढे पार्लर काढलं; भुवया किती बारीक करायच्या तेवढं मला कळतं.

सुरुवातीला काका अक्षरांच्या कडा काढायचे आणि ती आत रंग भरायची. मग काका खाली बसून चहा प्यायला लागले आणि ती कडाही काढायला लागली. वडिलांचा जुना शर्ट सलवारीवर चढवून ती शिडीवर उभी राहिली की रस्त्यावरची माणसं माना वर करून थांबायची. एका किराणावाल्याने तर विचारलंच, "केशोराव, पोट्टीले कायले वर चढवता? पडली तं लग्न कोण करन?"

"तू खाली उभा राह्य ना बापा, झेलाले," काका म्हणाले.

त्या वर्षी आमचे सगळ्यांचेच हात चुकत होते. पत्ता लिहायला घेतला की पेनातून आपोआप 'भंडारा' उतरायचं. मास्तर चुकायचे, तलाठी चुकायचे, मी तर पार्लरच्या पहिल्या हँडबिलावरच चुकले. संजू छाती फुगवून म्हणायची, "अख्ख्या जिल्ह्यात माहाच एक हात चुकत नाही!" आणि खरंच, तिचा चुकत नव्हता.

माझ्या पार्लरची पाटी तिने एकटीने रंगवली. गुलाबी जमिनीवर जांभळी अक्षरं, अक्षरांना पांढरी सावली. मी दारात उड्या मारत होते. काका पाटीपाशी आले, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "कोपरा कायले रिकामा ठेवला? टाक ना आपलं नाव."

हा कोपरा म्हणजे काय, ते सांगायला हवं. पेंटर पाटी रंगवतो आणि खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर जागेत आपलं नाव आणि गाव लिहितो. तीच त्याची जाहिरात. पाटी आवडली की माणूस कोपरा वाचतो आणि त्या गावी पेंटरला शोधत जातो. नाव नसलं तर एक वेळ चालतं, पण पत्ता नसला तर पुढचं काम कुठून येणार? तोवर संजूने रंगवलेल्या पाट्यांवरही काकांचंच नाव जात होतं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा लिहिलं, 'संजू पेंटर, कुडवा'. खाली माझ्या पार्लरचा फोन नंबर, कारण तिच्या घरी फोन नव्हता. आम्ही दोघींनी त्या कोपऱ्यापुढे उभं राहून समोसे खाल्ले.

संजू हे नाव पोराचंही असतं, पोरीचंही. पेंटर म्हटल्यावर पोरगीच असेल असं कुणाच्या डोक्यात येणार? फोन यायचे, "संजूभाऊ हायेत काय?" मी म्हणायची, "साइटवर गेलेत." संजूभाऊ ओढणीने तोंड बांधून, डबे-ब्रश लुनावर लादून हजर झाले की काहींची तोंडं पाहण्यासारखी व्हायची. काही सरळ परत पाठवायचे. काही काम द्यायचे, पण रंग कोणता हवा ते तिला न सांगता शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही पुरुषाला सांगायचे, मग तो दूधवाला का असेना. बाहेरगावी बाईमाणसाने जायचं कुठे, हा प्रश्न असायचाच, म्हणून ती दिवसभर पाणी प्यायची नाही. उन्हात, शिडीवर, घसा कोरडा. याचा मला फार राग यायचा. तिलाही यायचा, पण हातात ब्रश आला की ती सगळं विसरायची. संध्याकाळी माझ्याकडे येऊन पहिलं वाक्य असायचं, "आज 'श्री' असा जमला म्हणून सांगू!"

पुढे काकांच्या डोळ्यात मोतीबिंदू आला आणि सगळं काम तिच्याकडे आलं. नेमकी तेव्हाच तिच्यासाठी स्थळं यायला लागली. पहिल्या ठिकाणी म्हणाले, मुलगी छान आहे, फक्त हे लग्नानंतर बंद. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या आईने तिचा हात हातात घेऊन हुंगला आणि टर्पेंटाईनचा वास आला म्हणून नाक मुरडलं. तिसऱ्या वेळी शामकलाकाकूंनी कारभार स्वतःच्या हातात घेतला. आमगावकडच्या पिपरटोल्याचं स्थळ आलं, तेव्हा त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की पोरीला शिवण येतं, रांगोळी छान काढते. झालं! मुलगा धनेंद्र राईस मिलमध्ये सुपरवायझर, स्वभावाने गरीब. साखरपुड्यात त्याने संजूला विचारलं, "जेवण झालं?" ती म्हणाली, "हो." दोघांची ओळख एवढीच.

"आईनं माहा धंदाच लपवून टाकला," संजू मला म्हणाली. तिला धनेंद्र आवडला होता, तिची पंचाईत तीच होती. "लग्न झाल्यावर सांगतलं तं म्हणतीन फसवलं. नाही सांगतलं तं ब्रश माळ्यावर." तिने माझ्यापुढे हात धरला. नखांच्या कडेला हिरवा रंग होता, तो कशानेच निघत नव्हता. माझ्याकडे सगळ्या तऱ्हेच्या क्रीम होत्या, मीही हरले.

आणि मग तो फोन आला.

दोन हजार तीनच्या एप्रिलची दुपार. एका बाईच्या भुवया चालल्या होत्या, दोरा माझ्या दातांत. एक भुवई झाली होती, दुसरी बाकी. मी मानेने रिसीव्हर दाबला.

"संजू पेंटर काय? पिपरटोल्याहून शालीकराम बोलून राह्यलो. लग्नघर रंगवाचं हाय. आमगावात तुमची भिंत पाह्यली, भल्ली आवडली. लिहून घ्या. नवरदेव चि. धनेंद्र. नवरी चि.सौ.कां. संजीवनी."

माझ्या तोंडातला दोरा सुटला. आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगवतात. दोन बाजूंना हत्ती, मधे कलश आणि वरवधूची नावं. तर सासरच्यांनी आपल्या होणाऱ्या सुनेचं नाव लिहायला आपल्या होणाऱ्या सुनेलाच बोलावलं होतं! मी "हो, हो, येतात" म्हणून फोन ठेवला आणि रस्त्यावर पळत सुटले. ती बाई एका भुवईवर खुर्चीत बसून राहिली.

संजूने ऐकलं आणि आधी पोट धरून हसली. मग आमच्याकडच्या बाया बोलतात तसं म्हणाली, "मी जातो."

"वेडी आहेस का? लग्नाआधी सासरी?"

"सासरी नाही. कामाले. त्याहीनं पेंटर बोलावला, पेंटर जाऊन राह्यला. मोडाचं असन तं भिंतीपाशीच मोडू दे, मांडवात नको."

मी तिला एकटी सोडणार होते थोडीच! पार्लर बंद करून लुनावर मागे बसले. दोघींनी ओढण्या अशा गुंडाळल्या की फक्त डोळे दिसावेत. एप्रिलच्या उन्हात आमच्याकडे सगळ्याच पोरी अशा फिरतात, कुणी वळून पाहत नाही. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगते, मजाही येत होती.

पिपरटोल्यात शालीकराम दारातच होते. धनेंद्रचे मोठे काका, मिशा भरघोस. आम्हाला पाहून म्हणाले, "संजू पेंटर काऊन नाही आला?"

"काम आमी करतो ना," मी पटकन म्हणाले. ते कुरकुरले, पण चुना मारलेली भिंत तयार होती आणि मांडव तोंडावर आला होता. त्यांनी शिडी आणून दिली.

संजू चढली. सुतळीला नीळ लावून तिने भिंतीवर रेघा मारल्या आणि मग हात सुटला तिचा! इतका सुंदर हत्ती मी तिच्या हातून कधी पाहिला नव्हता. सोंडेत माळ, पायांत तोडे, कपाळावर नक्षी. दुसरा हत्ती पहिल्याकडे पाहून लाजत होता. गावातल्या बाया गोळा झाल्या. धनेंद्रची आई गोमतीबाई पाण्याचा लोटा घेऊन आल्या आणि लोटा हातातच धरून पाहत राहिल्या.

मधली जागा कोरी राहिली. नावं लिहायची तेवढी बाकी होती.

"थांब," गोमतीबाई म्हणाल्या. आत जाऊन हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्या घरची रीत अशी की नावं लिहायच्या आधी भिंतीला कुंकू लावायचं, आणि पेंटरलाही. ही रीत आमच्या हिशेबात नव्हती! त्यांनी भिंतीला बोट लावलं आणि संजूकडे वळल्या. "तोंड सोड ना पोरी. कुंकू कुठी लावू?"

संजूने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ओढणी सोडली.

ताट हललं, कुंकू सांडलं. बायांत कुजबूज उठली. शालीकराम पुढे झाले. "ही तं आपली सून हाय! आमी पेंटर बोलावला होता, सून नाही!"

"पेंटरच आली हाय," संजू म्हणाली. "मीच संजू पेंटर. आईनं सांगतलं नाही, तिले भेव वाटलं. मी सांगून राह्यलो. लग्नानंतर बी मी हेच करीन. तुमाले चालत नसन तं नावं लिहीत नाही. हत्ती राहू द्या, दुसऱ्या नवरीच्या कामी येतीन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या नवरीच्या! असं बोलवलं तरी कसं हिच्याने?

शालीकरामांच्या मिशा थरथरत होत्या. गोमतीबाई काही बोलेनात. बोलणार कशा? शालीकराम त्यांच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे भासरे. भासऱ्यांसमोर त्या घरात सुनांनी तोंड उघडायची रीत नाही. गोमतीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, भासऱ्यांकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीलाच म्हणाल्या, "मी पाह्याले आलो तवाच हिच्या नखात हिरवा रंग दिसला होता मले. मी म्हटलं, पोट्टी पालक खुडून आली असन." मग वळून संजूच्या कपाळावर कुंकू टेकवलं. "भिंत अर्धी ठेवाची नसते. लिही नाव."

संजूने लिहिलं. आधी धनेंद्र, मग संजीवनी. नावं मोठी दिमाखदार उतरली, पण मला चैन नव्हतं. नाव लिही म्हणाल्या, म्हणजे लग्न होणार. पण ब्रशचं काय? ते तर कुणीच बोललं नव्हतं.

ती शिडीवरून उतरली आणि सवयीने उजव्या कोपऱ्यापाशी उकिडवी बसली. ब्रश टेकवणार, तोच शालीकराम म्हणाले, "खाली नाव नको टाकू. पाहुणे वाचतीन. सून भिंती रंगवते म्हणतीन."

ब्रश हवेतच राहिला.

"वाचतीन तं वाचू द्या," गोमतीबाई पुन्हा भिंतीला म्हणाल्या. "असे हत्ती या गावात कोणाच्या सुनेनं काढले? टाक वं नाव."

संजूने लिहिलं, 'संजू पेंटर'. स्वल्पविराम दिला. 'कु' काढला.

"कुडवा काऊन?" गोमतीबाई खाली वाकल्या. "लग्न झाल्यावर तू कुडव्यात राह्यशीन काय? लोकं काम घेऊन तिकडे जातीन, अन् तू इथी बसशीन. इथचा पत्ता टाक."

मी तिथेच किंचाळले. लाज सोडून किंचाळले! शालीकरामांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते आत निघून गेले. संजूने अंगठ्याने 'कु' पुसला. तिचे डोळे भरून वाहत होते, नाक लाल झालं होतं, पण हात चालूच होता. 'पिपरटोला' लिहिलं. पुढे 'जि.' लिहिलं. पुढची तीन अक्षरं लिहिली आणि आमच्याकडे पाहून हसली.

मी वाचलं. गोमतीबाईंनी वाचलं. अख्ख्या जिल्ह्यात जिचा हात चुकत नव्हता, तिने स्वतःच्या नावाखाली झोकात 'भंडारा' लिहून ठेवलं होतं.

"पुस वं माय, पुस लवकर," गोमतीबाई हसत म्हणाल्या, "नाही तं तुहं सारं काम भंडाऱ्याले जाईन."