निंबाखालची नजर

'लांछन' या शब्दाला मराठीत कलंकाचा अर्थ चिकटला. संस्कृतात तो निव्वळ खुणेचाही वाचक आहे. ज्यावरून वस्तू दुरून ओळखावी, ते तिचे लांछन. तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या चुडामण पेंटरांना संस्कृत येत नाही, परंतु चाळीस वर्षे त्यांनी याच अर्थाची उपासना केली. शहाद्यापासून नंदुरबारपर्यंत कितीतरी दुकानांची चिन्हे त्यांच्याच कुंचल्यातून उतरली.

त्यांच्या कामाची एक रीत होती. चिन्ह रंगवून झाले की फळी ओट्यावर टेकवायची आणि पत्नीला, कौसाबाईंना, हाक मारायची. कौसाबाई रस्ता ओलांडून समोरच्या निंबाखाली उभ्या राहत. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणूनच त्यांची नजर प्रमाण. खाली लिहिलेले नाव त्यांच्या मदतीला येत नसे. एकदा साड्यांच्या दुकानासाठी काढलेले कमळ पाहून त्या तिथूनच ओरडल्या, "भाजीनं दुकान शे का? कोबीना गड्डा भारी काढेल शे!" चुडामण यांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी पाकळ्या बदलल्या. चिन्ह साधले असले, तर मात्र कौसाबाई काहीच बोलत नसत. मुकाट्याने परत येत आणि चुलीकडे वळत. ते मौन म्हणजेच संमती.

दोन वर्षांपूर्वी कौसाबाई गेल्या. रीत उरली. चुडामण फळी टेकवत, क्षणभर थांबत. निंबाखालून काहीच ऐकू येत नसे. पूर्वी ज्या मौनाचा अर्थ पसंती, तेच आता प्रत्येक चित्रावर सारखे उतरू लागले, बऱ्यावर आणि वाईटावरही. ते स्वतः पलीकडे जाऊन पाहत. पण ज्याने आंबा काढला, त्याला आंबाच दिसणार. हळूहळू त्यांनी नवी चिन्हे घेणे सोडले. जुन्या पाट्यांची अक्षरे तेवढी उजळून देत.

अशात तोरणमाळच्या उतारावरील एका पाड्यातून रमिलाबाई आल्या. त्यांच्या पाड्यातल्या बायकांचा गट आमचूर करतो. यंदा प्रथमच तो स्वतःच्या नावाने बाजारात जाणार होता.

"कॉम्प्युटरवाल्याने आंबा दिला, बाबा. तोच आंबा सरबताच्या बाटलीवर, तोच लोणच्यावर. आमचा कुठला?"

"मी आता नवं काढत नाही, ताई."

"मग आमचं कोण काढणार?"

चुडामण यांनी कोरी फळी पुढे ओढली. त्यांनी काम घेतले आणि आठ दिवस त्यात घातले. केशरी, रसरशीत, वळलेल्या टोकाचा आंबा. देठाशी हिरवे पान. ठरल्या दिवशी सकाळी रमिलाबाई आल्या. चुडामण यांनी फळी टेकवली आणि चाचरत म्हणाले, "ताई, जरा त्या निंबाखाली उभ्या राहता का? काय दिसतं तेवढं सांगा."

रमिलाबाईंनी पलीकडे जाऊन पाहिले आणि पदर तोंडाला लावला. "पोपट!"

"पोपट?"

"भगवा पोपट! ही चोच, ही शेपटी." हसू ओसरल्यावर त्या जवळ आल्या. "आणि बाबा, पिकलेल्या आंब्याचा आमचूर होतो का? आम्ही कैरीच चिरतो."

चुडामण ओशाळले. तापीकाठच्या माणसाला आंबा म्हटला की रसच आठवतो. पहाडातला आंबा पिकण्याआधीच विळ्याखाली जातो, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. त्यांनी चहा ठेवला. रमिलाबाईंनी हात पुढे केला. कैरीच्या चिकाने अंगठा आणि तर्जनी काळवंडली होती. "असे धरायचे, असे चिरायचे. उन्हात फोड आत वळते. कानासारखी."

चार वाजताच्या गाडीला अवकाश होता. चुडामण यांनी केशरी रंग खरवडून टाकला. उभी चिरलेली हिरवी कैरी, मध्ये पांढरी कोवळी कोय, बाजूला कानासारखी वळलेली एकच फोड. पान गाळले, छाया गाळली. रेषा एका दमात उतरली. त्यांनी फळी टेकवली, आणि रमिलाबाई न सांगता निंबाकडे गेल्या.

त्या पाहत राहिल्या. एक ट्रॅक्टर मधून गेला, तरी पाहत राहिल्या. मग काही न बोलता रस्ता ओलांडून आल्या, ओट्यावरचे गाठोडे उचलले, ओली फळी कडांनी जपून धरली आणि थांब्याकडे चालू लागल्या.

"काय दिसलं, ताई?" हा प्रश्न चुडामण यांच्या ओठांपर्यंत आला होता. त्यांनी तो विचारला नाही. तो कधीच विचारावा लागत नसे.

गाडी गेल्यावर ते आत वळले. चहाच्या दोन कपांपैकी एक त्यांनी विसळला. दुसरा, रमिलाबाईंचा, हातात घेऊन दारात उभे राहिले. समोर निंबाची सावली रस्त्यावर लांबत चालली होती, आणि तिच्यात कोणी नव्हते.