बोंबलाच्या वासाचा ॲम्प्लिफायर

तापलेल्या व्हॉल्व्हवर भाजलेल्या झुरळाचा वास आणि तापलेल्या व्हॉल्व्हवर शेकलेल्या सुक्या बोंबलाचा वास यांत फरक असतो. पहिला थोड्या वेळात जातो. दुसरा मी अजून नाकात घेऊन फिरते आहे. नातवंडांना सांगितलं तर म्हणतात, आजी, तू फेकतेस. मी कशाला फेकू? फेकायचंच असतं तर काहीतरी सुवासिक फेकलं असतं.

साठ साल उलटून गेलं होतं. मी गिरगावात आत्याकडे राहून हवाईयन गिटार शिकून आले होते. हवाईयन म्हणजे मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातली लोखंडी दांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने छेडायची. सूर सरपटत एका घरातून दुसऱ्या घरात जातो. मला तो इतका सरपटवायची हौस, की ऐकणाऱ्याला गोगलगाय आठवावी. वर डोळे मिटायचे, मान एका बाजूला टाकायची. केसांना खोबरेल इतकं चोपडलेलं असायचं की वेणी पुढे आली की तारा तेलकट. त्या ध्यानाचा एक फोटो आहे. मी तो कपाटात उलटा ठेवला आहे.

आईवडील पालीजवळच्या खेड्यात भातशेतीवर. मी राहत होते अलिबागला मामाकडे, कारण मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि पूजा, लग्नं, सभा यांना तो लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. माझ्या गिटारीला त्यानेच पिकअप, म्हणजे तारांचं थरथरणं विजेत पकडणारा तुकडा, बसवून दिला होता. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, "या हिवाळ्यात काय ते होऊ दे. नाही झालं तर ती गिटार विकायची आणि घरी यायचं. स्थळं थांबत नाहीत."

आणि तेवढ्यात तो योग आला. व्यायामशाळेच्या कार्यक्रमाला मुंबईचा एक ऑर्केस्ट्रा येणार होता. समुद्राकडच्या मैदानात मांडव, लाउडस्पीकर अर्थात मामाचे. ऑर्केस्ट्राच्या मालकाने मामाला निरोप धाडला होता की आमची हवाईयन वाजवणारी बाई लग्न होऊन गेली, तुमच्याकडे एक मुलगी वाजवते म्हणतात, तर कार्यक्रमाच्या आधी स्टेजवर एक धून ऐकतो. ॲम्प्लिफायर मात्र तिचा तिने आणावा. आमचे तिघे आधीच एकात जोडून वाजवतात.

म्हणजे आवडलं तर मुंबई, नाही तर पाली. इतकं सोपं होतं ते.

मामाने दुपारी दुकानाच्या बाकावर तीन यंत्रं मांडली. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकणार. मी मध्ये स्टुलावर, मांडीवर गिटार, चेहऱ्यावर असा भाव की जगातले सगळे कारागीर मला आवाज देण्यासाठीच जन्माला आले.

पहिला आमचा घरचाच रेडिओ. त्याच्या मागे ग्रामोफोन जोडायला दोन भोकं होती, तिथे मामाने माझ्या पिकअपची तार खुपसली. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे त्या वेळच्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, तापेपर्यंत थांबलो. मग जो आवाज आला तो गोड होता, साजूक तुपातल्या शिऱ्यासारखा. लांब ओढलेला सूर त्यात शेवटपर्यंत टिकायचा आणि मग आपोआप विरघळायचा. पण जोर म्हणाल तर मागच्या विहिरीपर्यंत.

"छान लागतंय गं," मामी म्हणाली. "डोळा लागेल अगदी."

मला संताप आला. मी काय अंगाई म्हणत होते?

दुसरा मामाने स्वतः जोडलेला, लोखंडी पत्र्याच्या पेटीतला, वर मोठाले व्हॉल्व्ह आणि बाहेर झाडाला बांधलेला कर्णा. आरत्या आणि हरवलेल्या मुलांची वर्णनं सांगण्यासाठी जन्मलेलं यंत्र ते. पहिला सूर निघाला आणि शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. माझं नख तारेला लागलं तरी ते किल्ल्यापर्यंत ऐकू जात होतं. भराभर छेडलं तर एकेक सूर वाळूतल्या शिंपल्यासारखा सुटा दिसायचा, तेवढं कबूल. पण सूर ओढला की कानात डास शिरल्यासारखं वाटे. कावळ्याच्या घशात पितळी वाटी अडकली तर तो असाच ओरडेल.

मामा अभिमानाने लाल झाला होता. "रेवदंड्यापर्यंत जाईल. हाच ने."

"मेलेलं माणूस उठेल याने," मामी म्हणाली.

"मग बरंच की. गर्दी वाढेल."

तिसरा ॲम्प्लिफायर रेवदंड्याकडच्या एका खलाशी चाचांचा. चाचा बोटीवर होते. कुठल्यातरी परक्या बंदरातून मुलासाठी त्यांनी तो आणला. मुलाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याला फुटबॉल हवा होता. तेव्हापासून तो माळ्यावर पडलेला. विकला जातो का बघ, म्हणून मामाकडे पोचता केला होता. करड्या कापडाने मढवलेली लाकडी पेटी, पुढे स्पीकर, मागची बाजू उघडी, आत वरून वाघळांसारखे उलटे टांगलेले व्हॉल्व्ह. तिकडची वीज आपल्या निम्म्या दाबाची, म्हणून मामाने मध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर बसवला होता.

मी दांडी टेकवली आणि एकच सूर छेडला. काय सांगू. तो सूर कर्ण्यासारखा कानावर आपटला नाही, रेडिओसारखा पायाशीही बसला नाही. तो खोलीत येऊन उभा राहिला. मामाने बटण वाढवलं तसा तो जाड झाला, त्याच्या काठाला खरखर आली, फडकं टराटरा फाडावं तशी. फाटत होता तरी बेसूर होत नव्हता. मला वाटलं, हाच माझा आवाज आहे, देवाने चुकून दुसऱ्याच देशात पाठवला होता.

मग वास आला.

आधी रबर तापल्याचा. मग धुळीचा. मग त्याखालून हळूच काहीतरी चिकट वर आलं आणि घशात जाऊन बसलं. मामीने पदर नाकाला लावला. "काय जळतंय गं? कोण मेलंय त्यात?"

मामाने वीज बंद करून पेटी फिरवली आणि आत बॅटरी मारली. व्हॉल्व्हच्या काचेला एक सुका बोंबील चिकटला होता, तोंड आ वासून, जणू तोच गात होता. स्पीकरच्या मागे आणखी तुकडे. भाभींनी, म्हणजे चाचांच्या बायकोने, पेटीची मागची बाजू उघडी पाहून ती भिंतीला टेकवली आणि वर्षाची बेगमी आत भरली. मांजर शिरायला जागा नाही, पावसाचं पाणी नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, असं कपाट कुठे मिळतं. विकायला देताना बोंबील बाहेर काढले, पण हा एक आणि कण राहिले, आणि कणांना कीड. उबेने ती कीड जागी झाली आणि करड्या कापडावरून रांगेने चालत बाहेर आली, पांढरी, केसाळ, एकीच्या मागे एक. एक माझ्या पायावर पडली.

आमच्या घरात बोंबील वर्ज्य नव्हते, हे सांगितलं पाहिजे. मी ते आवडीने खाते, तव्यावर कुरकुरीत. पण काचेवर शेकलेला, रबराच्या धुरात मुरलेला, किडे सोडणारा बोंबील हा वेगळा प्राणी आहे.

"हाच," मी पाय झटकत म्हणाले.

"अगं, नाक आहे की नाही तुला?"

"मामी, मालकाला आवाज ऐकायचाय, वास नाही घ्यायचा."

एकोणीस वर्षांच्या मुलीइतकं बिनडोक जनावर कोकणच्या किनाऱ्यावर दुसरं नसेल. मांदेलीला तरी जाळं कळतं.

मामाने पेटी स्पिरिटने पुसली. कीड गेली, वास राहिला. उन्हात ठेवली, तर वास उलट ताजा झाला. मग मामीने स्वतःचा उपाय काढला. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घातलं की निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी देतात. मामीने शेगडी फुलवली, वर टोपली पालथी घातली, टोपलीवर ॲम्प्लिफायर ठेवला आणि त्याला पहिलटकरणीच्या पोरासारखी धुरी दिली. सलग तीन सकाळी. दृष्टही काढली बहुतेक, मी पाहिलं नाही.

याचा परिणाम असा झाला की बोंबलाचा वास गेला नाहीच, त्याच्या मांडीवर ओव्याचा वास येऊन बसला. मला मात्र तो येईनासा झाला होता. रोज त्याच्यासमोर बसून नाक मेलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दिवेलागणीला मला स्टेजवर बसवलं. खाली माणसं जमत होती, पुढे बायका सतरंजीवर. मालक बाजूच्या खुर्चीत, किडकिडीत, पॉलिश केलेले बूट, तोंडात पान. मी डोळे मिटले, मान टाकली आणि सुरुवात केली.

आता अलिबागची त्या वेळची वीज अशी, की सगळ्या गावाचे दिवे लागले की बल्ब लालसर पडायचे. दाब उतरला तसा ॲम्प्लिफायरही दमला. दुपारी जी खरखर बटण बरंच वाढवल्यावर यायची ती आता पहिल्याच सुरापासून आली. आणि माझा हात तर ओढणारा. एकेक सूर ओढत होते तो शेजारच्या घरात कुणी गेल्यासारखा हुंदके देत होता. मला वाटलं, काय भाव उतरतो आहे.

मग यंत्र तापलं.

पुढच्या सतरंजीवर कुजबुज झाली. वाऱ्याने वास सरळ तिकडेच नेला होता.

"अगो, बाळंतीण कुठं बसलीय?" एकीने विचारलं.

"दिसत नाय. पण धुरीचा वास हाय खरा."

"आणि बाळंतिणीला बोंबील कोण देतंय?"

"सासू असंल."

मी डोळे मिटलेलेच. हशा पिकला तो मला कौतुकाचा वाटला, म्हणून मी आणखी ओढलं. डोळे उघडले ते पायाला काहीतरी मऊ लागलं तेव्हा. ॲम्प्लिफायरच्या मागे एक बोका बसला होता, तोंड व्हॉल्व्हकडे करून, ओठ चाटत. त्याच्या मागे दोन मांजरी. स्टेजच्या पायऱ्यांवरून चौथी येत होती, सावकाश, पाहुण्यासारखी.

मी थांबले. टाळ्या वाजल्या, बहुतेक मांजरांना.

मालक उठून आला. मला वाटलं, माझ्याकडे येतोय. तो माझ्या शेजारून पुढे गेला, बोक्याला बुटाने बाजूला केला, वाकून स्पीकरला कान लावला. मग आपल्या माणसाकडून साधी उभी धरायची गिटार मागवली, माझी तार काढून तिची खुपसली आणि वाजवायला लागला. ओढणं नाही, काही नाही. मनगट सोडून, मारकुटं, तुकड्या-तुकड्यांत. तीच पेटी, तोच पडलेला दाब, तीच खरखर, आणि तिला जणू दात आले. बायका बोलायच्या थांबल्या. मांजरंसुद्धा मागे सरली. मला त्याची इतकी किळस आली की मी त्याच्या बोटांवरून नजर काढू शकले नाही.

त्याने मामाला विचारलं, "हा द्याल का?"

"ॲम्प्लिफायर माझा नाही. पण विकायचाच आहे," मामा म्हणाला. "आणि मुलगी?"

मालकाने पान गालात सरकवलं. "मुलीचा हात मऊ आहे. घरात वाजवायला छान. या यंत्राला जरा हाणणारा हात लागतो." मग रुमाल नाकाशी नेत म्हणाला, "वास जातो ना याचा?"

मामाने खरं सांगायला तोंड उघडलं होतं. मी म्हणाले, "जातो की. दोन दिवस उन्हात ठेवा."

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी पेटी पोचवायला रेवसला गेलो. मालक भाऊच्या धक्क्याच्या लाँचमध्ये बसला. पेटीला खारं पाणी लागू नये म्हणून त्याने ती इंजिनाच्या गरम पत्र्याला टेकवून ठेवली, आणि मी मुळीच अडवलं नाही. लाँच सुटायला वेळ होता, आम्ही धक्क्यावर उभे राहून बघत होतो. पत्र्याच्या उबेने पेटी हळूहळू बोलायला लागली. त्याच्या उजवीकडचे दोघे उठून पुढे गेले. डावीकडच्या गुजराती व्यापाऱ्याने धोतराचं टोक नाकाला लावलं आणि वारा येत होता त्या बाजूला गेला.

टोपली घेऊन एक कोळीण आली. वास घेतला, पेटीकडे पाहिलं आणि मालकासमोर फतकल मारून बसली.

"दादा, बोंबील कसं देतंस?"

"अहो बाई, हे वाजवायचं यंत्र आहे."

"व्हय, पन बोंबील कसं देतंस?"

"नाही हो त्यात बोंबील."

"मना नको शिकवू. गेल्या सालचं हाय, दमट लागलंय. पन मोठं हाय. काढ, बघू तरी."

ती वाकून पेटीच्या मागे हात घालायला लागली. मालक पेटीला मिठी मारून बसला, सूट-बुटासकट.

"चल," मामा मला म्हणाला. "पालीची गाडी चुकेल. बाबा वाट बघत असतील."

"थांब जरा," मी म्हटलं. "ती घेते का बघू."