शुभाला कोणाच्या हाती द्याल

मतदानाच्या दिवशी दुपारी मंदाकिनी आवटे लेकीशेजारी जमिनीवर आडवी होते. डोळे मिटत नाहीत आणि ते उघडे राहावेत असंही तिला काही वाटत नाही. पंखा फिरतोय, पण वारा जणू दुसऱ्याच कुणाला लागतोय. तिचा नवरा दिगंबर जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारे सांगतात, रडून घे, मोकळं वाटेल. तिला रडू येत नाही. भूकही लागत नाही. शुभा बत्तीस वर्षांची आहे. तिला बोलता येत नाही, स्वतःच्या हाताने जेवता येत नाही. ती आईच्या दंडावर डोकं टेकून झोपली आहे. दंडाला मुंग्या आल्यात, तरी मंदा तो काढून घेत नाही.

मुंग्या खांद्यापर्यंत चढतात आणि ती रांगेत उभी असते.

शाळेचा व्हरांडा आहे. तिच्या पुढे दिगंबर. तो मान वळवतो.

"आलीस? मला वाटलं, यंदा तू येत नाहीस."

तो मेलाय हे तिला ठाऊक आहे. त्याचं काही वाटत नाही. तुमचं नाव अजून आहे का यादीत, असं ती विचारते, तर तो म्हणतो, कधीच उडवलं, मी नुसता बघायला आलोय.

टेलिफोन खात्यात जन्म काढलेल्या दिगंबरला दर निवडणुकीत देशाचा प्रमुख निवडायची नवी पद्धत सुचायची. जो आपणहून उभा राहील त्याला बाद करा. नाहीतर सरळ चिठ्ठ्या टाका. ज्याला पंतप्रधान व्हायचंय त्याने आधी वर्षभर, आपण कोण ते न सांगता, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून दाखवावा. हे सगळं तो जेवताना बोलायचा, आणि मंदा शुभाला घास भरवत हं हं करायची. आज पहिल्यांदाच ती आपणहून विचारते, की इथली पद्धत काय. तो सांगतो, इथे उमेदवार नाहीत, चिन्हं नाहीत, बटण नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात आणि तो एक नाव सांगतो.

"मग प्रत्येकजण वेगळंच नाव सांगेल की," मंदा म्हणते.

"सांगू दे. ज्यांची नावं येतील त्यांना एकत्र बसवायचं आणि तोच प्रश्न विचारायचा. असं गाळत गाळत शेवटी जो उरेल, त्याच्या हाती देश."

"प्रश्न कोणता?"

"उद्या तू नसलीस, तर शुभाला कोणाच्या हाती देशील?"

रांग सरकते. मंदा खिडकीशी पोचते, तर ती तिच्याच स्वयंपाकघराची खिडकी. ओट्यावर दूध उतू गेलंय. बाहेर गल्लीत पुरुषोत्तम, तिचा धाकटा दीर, कर्ण्यावरून भाषण करतोय. बोलण्यात तो वस्ताद. तेराव्याला त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, की वहिनींनी काळजी करू नये, शुभाचं मी बघतो. शुभाला पुण्याकडच्या एका संस्थेत ठेवायचं आणि घर त्याच्या नावावर करायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मंदानेही. उद्या सकाळी तो सही घ्यायला येणार आहे.

खिडकीआडून कुणीतरी नाव विचारतं. पुरुषोत्तम म्हणायला ती तोंड उघडते, पण दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यासारखी जीभ जड पडलीय. नाव उमटत नाही. ती आपल्या भावाचं म्हणून बघते. मग भाचीचं. चांगली माणसं आहेत सगळी. तीही नावं निघत नाहीत.

मिरजेचा एसटी स्टँड आहे. शुभा बाकावर बसलीय, तोंडातून लाळ गळतेय. लोक बघतात आणि जरा सरकून बसतात. गर्दीतून कुंदा येते, दिगंबरची थोरली बहीण. एका लग्नातल्या मानपानावरून तिने सहा वर्षं अबोला धरला होता. भावाच्या मातीला आली तीही भांडतच, मला आधी का नाही कळवलं म्हणून. तशीच ती आत्ताही तोंडाचा पट्टा सोडत येते आणि बोलता बोलताच स्वतःच्या पदराने शुभाचं तोंड पुसते. बोलणं थांबत नाही. चेहरा वाकडा होत नाही. मातीच्या दिवशीही तिने असंच पुसलं होतं. आपण ते बघितलं होतं, हे मंदाच्या आत्ता लक्षात येतं.

"कुंदावन्सं," ती म्हणते. नाव स्वच्छ उमटतं.

दिगंबर हसतो. "ताई पंतप्रधान? मंत्री पळून जातील."

"जाऊ देत."

स्टँडवर आता कुणी नाही. तुम्ही कोणाचं नाव सांगितलं होतं, असं ती विचारते.

"तुझं. पण तुला कोण बघणार, ते सांगायचं राहिलं."

मग तो वाकतो, तिच्या पदराचं टोक हातात घेतो आणि त्याला गाठ मारतो. विसरशील, म्हणतो, आणि गाठ ओढून घट्ट करतो. खांद्यावर पदर खेचला जातो. दीड महिन्यात तिला नीट जाणवलेलं हे पहिलंच काही.

मंदा जागी होते. पंखा फिरतोय. शुभा कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपलीय. तिच्या वाकड्या बोटांना बटणही लावता येत नाही, आणि घरात तिसरं कुणी नाही.

पदराच्या टोकाला गाठ आहे. दुहेरी, आवळलेली, सुपारीएवढी कडक.

मंदा ती सोडवायला जात नाही. बोटांनी चाचपत राहते. उद्या पुरुषोत्तमला येऊ नको म्हणून सांगायचं, एवढं ठरतं. मग ती बधिर हाताने फोन ओढते आणि कुरुंदवाडला लावते.

"वन्सं, मी मंदा."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी होते. कुंदा गॅस बंद करते, तेही ऐकू येतं.

"शुभा जेवली का?" कुंदा विचारते.