गोळी दिली, घास दिला नाही

देवी माझं ऐकत नाही, असं मला गेली चार वर्षं वाटत होतं. यजमानांना साखरेचा आजार जडल्यापासून मी तिच्याकडे एकच मागणं मागत होते आणि प्रत्येक तपासणीत आकडा चढलेलाच यायचा. हार मानणं माझ्या स्वभावात नाही. माझीच भक्ती कुठेतरी कमी पडत असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि माहेरच्या देवीला नवस बोलले: नवरात्रात पायी येईन, दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही.

यांचा देवावर फारसा विश्वास नाही. यांचा जीव गवतात आणि पाखरांत. पुण्याच्या धकाधकीतून दोन दिवस सुटून माळरान तुडवावं, हे यांच्या डोक्यात कधीपासून होतं. माझी देवी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर, पाटोद्याकडच्या एका मोठ्या माळापलीकडे. त्यामुळे दोघांचंही साधलं. शुक्रवारी संध्याकाळी जवळच्या गावात एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. शनिवारी सकाळी तिथल्या वहिनींनी भगर पुढे केली तेव्हा मी नको म्हणून हात जोडले. हे म्हणाले, "तू उपाशी चालणार आणि मी काय हादडत बसू? दर्शन झालं की दोघं मिळून खाऊ." खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पिशवीतली यांची रोजची गोळी काढून मीच हातावर ठेवली. औषधाने उपवास मोडत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. गोळीमागून घास पोटात जायलाच हवा, हे डॉक्टरांनी मला दहादा बजावलं होतं. त्या सकाळी ते मला आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही, हे देवीलाच ठाऊक.

पावसाळा नुकताच सरला होता. गवत कमरेइतकं वाढलेलं, शेंड्यांवर तांबूस झाक. सुरुवातीला हे अगदी खुशीत होते; तितराचा आवाज आला की मला थांबवून ऐकायला लावायचे. तासाभराची वाट म्हणून निघालो, पण पायवाट गवतात बुडून गेली आणि आम्ही दोन तास नुसते फिरत राहिलो. मग यांचं बोलणं थांबलं. मी काही विचारलं की खेकसायला लागले. शर्ट घामाने भिजला, हात थरथरू लागले आणि हे एकाएकी मटकन खाली बसले. "घरी कुठल्या बसने जायचं?" असं मला विचारू लागले. फोनला रेंज नव्हती. पिशवीत यांच्यापुरतं पाणी आणि ओटीचा नारळ, बाकी काही नाही. मोह नको म्हणून खाण्याचं काहीच बरोबर घ्यायचं नाही, असा हट्ट माझाच. मी देवीवर ओरडले. तुझ्याच दारात येतोय ना आम्ही, मग हे काय मांडलंस?

त्या ओरडण्याने खालच्या उतारावरून एक वयस्क गृहस्थ वर आले. डोक्याला रुमाल, कडेवर सीताफळांची पाटी. बीडचे फळवाले होते, उतारावरची झाडं त्यांनी तोडणीला घेतली होती. यांच्याकडे एकदा बघून त्यांनी पाटी खाली ठेवली.

"शुगर हाय का यांना? सकाळपून काय खाल्लं?"

"काही नाही. गोळी तेवढी घेतलीय. दर्शन झाल्याशिवाय आम्ही..."

"उपाशी कावून हिंडवता हो मान्साला! माझ्या बेगमला बी हेच दुखनं हाय, लई वंगाळ." एक पिकलेलं सीताफळ फोडून त्यांनी माझ्या हातात दिलं. "घ्या, तुमीच भरवा."

लाज वाटते लिहायला, पण माझा हात क्षणभर थांबला. नवस मोडेल म्हणून. त्यांना ते दिसलं असावं.

"भाभी, तुमी देवीला आई म्हन्ता ना? मग कुठली आई लेकराला उपाशी या म्हनंन?"

मी भरवायला लागले. एकेक बी काढून, गर बोटाने तोंडात घालून. शुद्ध होती, गिळता येत होतं, हे नशीब. एक झालं, दुसरं झालं. त्या चाचांनी आपल्याजवळच्या किटलीतला गोड चहाही पाजला. ती पंधरा-वीस मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत. मग यांची नजर माझ्यावर स्थिरावली आणि हे कुरकुरले, "किती बिया आहेत गं यात!" मला हसू आणि रडू एकदमच आलं.

चाचा म्हणाले, "आज हिकडं यायचंच न्हवतं. पल्याडची फळं कच्ची निघाली, म्हून आलो." त्यावरून मला काही सिद्ध करायचं नाही. त्यांनी मलाही एक सीताफळ दिलं आणि मी मुकाट्याने खाल्लं. दर्शनाआधी. मग त्यांनी आपल्या टेम्पोतून आम्हाला देवळाच्या पायरीपर्यंत सोडलं, आणि परतल्यावर थेट डॉक्टरांकडे न्यायचं, असं माझ्याकडून वदवून घेतलं.

चार वर्षं मी देवीपुढे अटी ठेवत होते आणि त्याला भक्ती म्हणत होते. त्यात माझा हट्टच जास्त होता, सोपवणं कमी. त्या दिवशी देवळात ओटी भरली, डोळे मिटले, पण मागायचं काही सुचेना. शेजारी यांचा श्वास संथपणे चालला होता. मी तो ऐकत उभी राहिले.